गाडी घरी चार्ज करायची, तर आधी वायरिंग बघा

इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग झालं की शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, ‘घरी ३.३ किलोवॅटचा चार्जर बसवायचा की ७.२ चा?’ एवढी महाग गाडी घेतोय तर चार्जरही मोठाच असू दे, असं म्हणून बरेच जण मोठ्यावर बोट ठेवतात. मग बसवायला माणूस येतो, मीटर बघतो, ‘आधी लोड वाढवून घ्या’ म्हणून सांगतो आणि निघून जातो. नवी गाडी दारात उभी आणि चार्जर खोक्यात, असं कितीतरी घरी दिसतं.

हे टाळायचं तर क्रम बदलावा लागतो. आधी मीटर, मग वायर, मग अर्थिंग आणि सगळ्यात शेवटी चार्जर. घरच्या चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या वायरिंगमध्ये सापडतं. भिंतीवरची पेटी फक्त लाल दिवा लावून ते सांगत असते.

या पेटीचं काम नीट समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं. घरी येणाऱ्या एसी विजेचं डीसी करून बॅटरीत भरणारं यंत्र गाडीतच बसवलेलं असतं, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरची पेटी म्हणजे शहाणं बटण. केबलच्या टोकाचा प्लग, म्हणजे गन, गाडीला लावली की गाडीशी बोलायचं, अर्थिंग ठीक आहे का बघायचं आणि सगळं जुळलं तरच वीज सोडायची, एवढंच तिचं काम. गाडी किती वेगाने चार्ज होणार हे त्यामुळे ऑनबोर्ड चार्जरवर ठरतं. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत तो ३.३ किलोवॅटचा होता. त्या गाडीला ७.२ ची पेटी लावली तरी ती ३.३ च घेणार. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

आता गरज किती, ते पाहू. पुण्यात किंवा ठाण्यात रोज ४० किलोमीटर गाडी फिरते असं धरा. मध्यम आकाराच्या गाडीला त्यासाठी बॅटरीतली साधारण सहा युनिटं लागतात, वाटेतली घट धरून मीटरवर सात पडतात. ३.३ किलोवॅटने ती दोन-सव्वादोन तासांत भरून निघतात. गाडी रात्री नऊ-दहा तास उभीच असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टॅक्सीचा धंदा, रोजचा शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या, यातलं काही असेल तरच ७.२ च्या मागे लागावं. बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या केबलवर आणि अर्थिंगवर घालावेत.

मीटर काय म्हणतो

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो आधी बघा. आपल्याकडे सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंत मिळते. ७.२ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३१-३२ अँपिअर ओढतो. उरलेल्या आठ अँपिअरमध्ये गिझर, एसी आणि पाण्याची मोटर बसत नाही. म्हणजे ७.२ चा चार्जर बसवायचा तर व्यवहारात थ्री फेज घ्यावंच लागतं. ३.३ च्या चार्जरला १५ अँपिअर पुरतात, तरी मंजूर भार दोन-तीन किलोवॅटचाच असेल तर तोही वाढवून घ्यावा लागेल. त्यासाठी ए-१ फॉर्म, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि ठरलेलं शुल्क लागतं. महावितरणचं हे काम ऑनलाइनही होतं.

थ्री फेज घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ७.२ चा चार्जर सिंगल फेजवरच चालतो, म्हणजे त्याचं सगळं ओझं एकाच फेजवर येतं. त्याच फेजवर गिझर आणि एसी असतील तर थ्री फेजचा काही उपयोग झाला नाही. डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डात, फेजची वाटणी नव्याने करून घ्या.

बिलाचंही बघू. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला मीटरवर पावणेदोनशेच्या आसपास युनिटं लागतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. दोनशे युनिटं वापरणारं घर गाडी आल्यावर पावणेचारशेवर जातं आणि वरची पंचाहत्तर युनिटं पुढच्या दराने लागतात. एवढ्यासाठी वेगळा मीटर घेण्याची गरज नाही. मुळातच चारशे-पाचशे युनिटं वापरणाऱ्या घराने मात्र गाडीसाठी स्वतंत्र मीटरचा विचार करावा. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती केली, तेव्हा ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला स्पष्टपणे मिळाला. त्याच दुरुस्तीत नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी झाली. अर्ज अडकला तर ही मुदत दाखवून विचारता येतं. तुमच्याकडे स्मार्ट टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, मीटर असेल तर दिवसाच्या वापरावरची सवलतही बघा. गाडी दुपारी घरी असणाऱ्यांना ती चांगली कामी येते.

वायर, एमसीबी आणि जोड

गिझर तीन किलोवॅटचा असला तरी पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढाच प्रवाह सलग सात-आठ तास ओढते. घरातला एखादा कमजोर जोड गिझरला वर्षानुवर्षं निभावतो, पण गाडीपुढे पहिल्या आठवड्यात तापतो. त्यामुळे ‘घरातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून वायर ओढू’ हा सल्ला ऐकू नका. मीटरपासून किंवा मुख्य डीबीपासून गाडीसाठी स्वतंत्र केबल टाका. मध्ये कुठेही जोड नको, दुसरा पॉइंटही काढायचा नाही आणि ही लाइन इन्व्हर्टरमधून तर मुळीच न्यायची नाही.

केबल तांब्याचीच हवी. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर आणि ३२ अँपिअरसाठी किमान ६. अंतर पंचवीस मीटरच्या वर गेलं तर १० घ्या. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून हिशोब मांडतो. मीटर ते पार्किंग तीस मीटर अंतर असेल तर वीज जायला तीस आणि परत यायला तीस, असा साठ मीटरचा तांब्याचा रस्ता होतो. ६ च्या केबलमध्ये ३२ अँपिअरवर त्या रस्त्यात सहा व्होल्ट पडतात आणि १९० वॅट उष्णता होते. तिथे ४ ची केबल टाकली तर नऊ व्होल्ट पडतात आणि उष्णता २८० वॅटवर जाते, तीही बंद पाईपमध्ये रात्रभर. केबल तापली की तिचा अवरोध आणखी वाढतो. वायरमन ‘चारची चालते’ म्हणाला तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

एमसीबी दोन पोलचा घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. ३.३ साठी २० अँपिअर आणि ७.२ साठी ४० अँपिअर. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथल्या वाचकांनी इथे जरा थांबावं. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला ठरवलेला असतो. मे महिन्यात उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत आतलं तापमान साठच्या घरात गेलं, तर एमसीबी आपल्या आकड्याच्या आधीच पडतो. अशा वेळी मोठा एमसीबी टाकून मोकळं व्हायचं नाही. एमसीबीची पेटी सावलीत हलवा आणि चार्जिंग रात्री लावा.

एमसीबीबरोबर गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. तो ‘ए’ टाइपचा घ्यावा. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुधा ‘एसी’ टाइपचा असतो. गाडीतून डीसी गळती झाली तर त्याला ती दिसत नाही आणि तो आंधळा होतो, म्हणजे खरा शॉक बसतानाही पडेलच असं नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे विक्रेत्याला विचारा. नसेल तर ‘बी’ टाइप लागतो आणि तो बराच महाग पडतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

गाडीसोबत येणाऱ्या पोर्टेबल चार्जरवरच भागवणार असाल तर सगळं लक्ष सॉकेटवर द्या. घरातल्या सुबक मॉड्युलर सॉकेटच्या पट्ट्या रोजच्या आठ तासांसाठी केलेल्या नसतात. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून पाहिला तर एका पिनेभोवती तपकिरी कडा दिसते, प्लास्टिक थोडं फुगलेलं असतं आणि जळका वास येतो. पिन आणि पट्टी यांची पकड सैल झाली की तेवढ्याच जागी उष्णता साठते आणि तापलेली पट्टी आणखी सैल होते. असा सॉकेट घासून-पुसून पुन्हा वापरू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला आणि शक्यतो जाड पट्ट्यांचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड तर या कामाला अजिबात नको.

आणि जोड. मल्टिस्ट्रँड वायरची टोकं पिळून स्क्रूखाली दाबायची नाहीत, त्यावर लग क्रिंप करून घ्या. जुन्या इमारतीत मीटरकडून येणारी केबल ॲल्युमिनियमची असते. ती तांब्याला थेट जोडली तर काही महिन्यांत जोड काळा पडतो, तिथे बायमेटॅलिक लग लागतो. चार्जर लागल्यावर महिन्याभराने वायरमनला पुन्हा बोलावून सगळे स्क्रू आवळून घ्या.

अर्थिंग

चार्जर बसवताना सगळ्यात जास्त वाद इथे होतो. पेटीवर लाल दिवा लागतो, ती अर्थिंगचा दोष दाखवते. वायरमन स्क्रूड्रायव्हरचा टेस्टर पुढे करतो, ‘साहेब, अर्थिंग आहे, हे बघा. फेजवर पेटतो, अर्थवर पेटत नाही.’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. टेस्टर फेज कुठे आहे ते दाखवतो. अर्थची तार जमिनीपर्यंत पोचली आहे की भिंतीतच संपली आहे, हे त्याला कळत नाही.

मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायला सांगा आणि ते गिझर किंवा इस्त्री चालू असताना घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थ त्याच्या दोन-चार व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. फेज-अर्थ ११०-११५ दाखवत असेल तर तुमची अर्थ तार हवेत आहे. घरातल्या उपकरणांच्या फिल्टरमधून तिच्यावर निम्मं व्होल्टेज येऊन बसलेलं असतं. फ्रिजला किंवा कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, त्या याच्याच. न्यूट्रल-अर्थ पंधरा-वीस व्होल्ट आलं तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग कमजोर आहे.

लाल दिवा घालवायची एक युक्ती सर्रास चालते आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. त्यासाठी तयार ॲडॅप्टरही विकत मिळतात. दिवा हिरवा होतो आणि सगळे खूश होतात. आता मागे कुठे तरी, मीटरच्या खोलीत किंवा खांबावर, न्यूट्रल तुटला असं समजा. घरातल्या दिव्या-पंख्यांतून आलेलं पूर्ण व्होल्टेज त्या जोडावाटे अर्थ पिनेवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येतं. ही तार आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलवरून घेतली असेल तर हा प्रवाह आरसीसीबीला दिसतही नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्या मुलाच्या वाट्याला तो येतो. म्हणून लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी बरोबर शून्य दिसलं, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. कोणी ही युक्ती केली असेल तर चार्जिंग त्या क्षणी थांबवा.

खरा उपाय म्हणजे गाडीसाठी स्वतंत्र अर्थिंग. आपल्या पठारावर दोन-तीन फुटांखाली काळा पाषाण लागतो आणि बेसाल्टमधून वीज सहजी जमिनीत मुरत नाही. कोकणात जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तीच अडचण. तीन मीटरचा इलेक्ट्रोड उभा जात नसेल तर दोन खड्डे अंतर राखून घेतात आणि तांब्याच्या किंवा जीआय पट्टीने जोडतात. ओलावा धरून ठेवणारं बेंटोनाइटसारखं मिश्रण भरलं तर मीठ-कोळशापेक्षा जास्त टिकतं आणि पाईप गंजतही नाही. ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरवर मोजून घ्या, पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. हे मोजमाप पावसाळ्यात घेऊन समाधान मानू नका. एप्रिल-मेमध्ये घ्या, कारण तेव्हाच जमीन सगळ्यात कोरडी असते.

चार्जिंग थांबलं, तर

डीबीचं झाकण उघडणं हे वायरमनचं काम. तुम्ही बघायचं, ऐकायचं आणि वेळ टिपायची. चार्जिंग सुरू झाल्यापासून किती वेळाने थांबलं, यावरूनच दोष कुठे असावा याचा अंदाज येतो.

गन लावल्यावर पेटीतून ‘टक्’ असा आवाज येतो का, ते आधी ऐका. आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज सोडणारा स्विच, जुळल्याचा तो आवाज आहे. पेटी गन-केबलच्या एका बारीक पिनेवर १२ व्होल्टचा संकेत पाठवते. गाडी लागली की तो ९ वर येतो आणि गाडी ‘घ्यायला तयार’ म्हणाली की ६ वर. त्यानंतरच टक् होतं. आवाज आलाच नाही तर दोघांचं बोलणं जमलेलं नाही. गाडीत टायमर लागला आहे का, चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवली आहे आणि बॅटरी तिथेच आहे का, गन पूर्ण आत बसली आहे का, पिनेत माती किंवा कोळ्याचं जाळं आहे का, हे बघा. गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली असली तरी चार्जिंग सुरू होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

टक् झालं आणि लगेच काही तरी पडलं, तर काय पडलं ते पाहा. एमसीबी पडला तर शॉर्ट. आरसीसीबी पडला तर गळती. गन काढून पुन्हा चालू करा. गन नसतानाही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा पेटीत आहे. गन लावल्यावरच पडत असेल तर गन-केबल किंवा गाडी. पावसाळ्यात गनच्या तोंडात पाणी गेलेलं असतं, ती उलटी टांगून वाळू द्या आणि टोपी लावत जा. आणखी एक नेहमीचं कारण: वायरमनने फेज आरसीसीबीतून घेतलेला असतो आणि न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या सर्किटमधून. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही, आरसीसीबी पडणारच. यात चार्जर निर्दोष आहे.

पाऊण तास, तासभर नीट चालून मग थांबलं तर उष्णता. हा दोष सगळ्यात जास्त वेळा आढळतो. गाडीच्या स्क्रीनवरून किंवा ॲपमधून प्रवाह कमी करा, १५ चा १० किंवा ३२ चा १६. आता रात्रभर सुरळीत चाललं तर एखादा जोड, सॉकेट किंवा एमसीबीचा स्क्रू तापतोय हे पक्कं. वायरमन येईपर्यंत कमी प्रवाहावरच चालवा. कमी प्रवाहावर चालतंय म्हणून तसंच सोडून देऊ नका, कारण सैल जोड स्वतःहून आवळत नाही.

रोज ठरावीक वेळीच थांबत असेल तर व्होल्टेजकडे बघा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं, मध्यरात्रीनंतर वर चढतं आणि दोन्हीकडच्या मर्यादेपलीकडे पेटी वीज तोडते. वेळ आणि व्होल्टेज चार-पाच दिवस लिहून काढा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार करताना तेच सांगा. ‘लाइट कमी-जास्त होते’ एवढ्यावर कोणी फिरकत नाही. थ्री फेज घरात एका खोलीतले दिवे एकदम प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद झाले, तर मुख्य स्विच ताबडतोब बंद करा. न्यूट्रल तुटल्याचं ते लक्षण आहे.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर गाडी सार्वजनिक एसी चार्जरवर लावून पाहा. डीसी फास्ट चार्जरवर लावून उपयोग नाही, तिथे ऑनबोर्ड चार्जर वापरातच येत नाही. बाहेर एसीवर गाडी चार्ज झाली तर दोष घरचा. नाही झाली तर गाडी सर्व्हिस सेंटरला. गन अडकली तर ओढाताण करू नका. गाडी किल्लीने एकदा लॉक आणि एकदा अनलॉक करा. तरीही सुटली नाही तर बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने सोडवायची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती आजच बघून ठेवा.

सोसायटी आणि पाऊस

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर लावायचा तर कमिटीकडे लेखी अर्ज द्या. सोबत केबलचा मार्ग दाखवणारं साधं रेखाचित्र, ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि खर्च आपला असल्याची ओळ जोडा. कमिटीला भीती असते ती आगीची आणि सामाईक बिलाची. स्वतःच्या मीटरवरून लाइन आणि कागदावर संरक्षणाची साधनं दिसली की अर्धा विरोध मावळतो. एकेकाने वेगळी केबल ओढत बसण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून एकच ट्रे टाकला तर खर्चही वाटला जातो आणि भिंतीवर जाळंही होत नाही.

पेटी जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर लावा. जिथे पार्किंगमध्ये पाणी भरतं तिथे गेल्या काही वर्षांच्या पाण्याची खूण भिंतीवर शोधा आणि तिच्याही वर घ्या. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या मीटरचीही सुटका झाली नाही. तेव्हा चार्जरचा एमसीबी पार्किंगमध्ये न ठेवता वरच्या मजल्यावर, हाताशी असावा. पाणी चढायला लागलं की आधी तो पाडा आणि मगच गाडीकडे जा. गन लावलेली असेल आणि पायाखाली पाणी असेल तर एमसीबी पाडल्याशिवाय गनला हात लावू नका. पाणी ओसरल्यावर पेटी बाहेरून वाळलेली दिसली तरी ती चालू करायची नाही. आधी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने केबलचं इन्सुलेशन तपासून घ्या, पेटी कंपनीच्या माणसाला उघडून दाखवा. केबलचं रीडिंग एक मेगाओहमच्या वर आलं आणि पेटी आतून कोरडी निघाली, तरच एमसीबी वर करा.